हुंगून तोंड फिरवले

चांद्याने पेंढी हुंगली, वरची दोन पाने ओठांनी बाजूला सारली, नाकातून जोराचा श्वास सोडला आणि तोंड फिरवले. २०२४ च्या मार्चमधली, होळीला आठवडाभर अवकाश होता तेव्हाची ही गोष्ट. सकाळचे सहा वाजले असतील. कोठ्यात अजून अर्धा अंधार होता आणि मी रोजच्या सवयीने पेंढी गव्हाणीत टाकून पुढच्या गाईकडे वळलो होतो. कडबा ओढताना होणारा करकर आवाज मागून आला नाही, म्हणून वळून पाहिले, तर चांद्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. सतरा वर्षांचा बैल, खालचे दात झिजून हिरड्यांशी आलेले, बरगड्या मोजता याव्यात अशी अंगलट आणि रात्रभराची भूक. तरी तो त्या पेंढीला तोंड लावीना. मी पेंढी उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि परत मान वळवली. त्या पाहण्यात राग नव्हता, हट्टही नव्हता. आपल्या माणसाने असे काही आपल्यापुढे का ठेवावे, हे त्याला समजत नसावे, असे मला वाटले, आणि ते वाटणे अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

पेंढी दारात उजेडात नेऊन सोडली. बाहेरची धाटे पिवळी, चांगली दिसत होती. बंध सोडताच आतून पांढऱ्या भुकटीचा लोट उठला आणि मला ठसका लागला. मधली पाने काळी पडून एकमेकांना चिकटली होती. बोटांनी सोडवायला गेलो तर भिजलेल्या कागदासारखी तुटत होती. वास बुरशीचा होता. बंद घरातल्या ओल्या गोणपाटाचा येतो तसा, पण त्यात आंबूसपणाही होता. मी मागे जाऊन गंजीत हात घातला. वितभर आत हात गेला तेव्हा तोच काळेपणा, हातभर आत तोच. उन्हाळ्याचे तीन महिने ज्या गंजीच्या भरवशावर काढायचे होते, तिच्या मधल्या भागात जनावराच्या पोटात घालण्याजोगे फारसे काही उरलेले नव्हते.

हे कधी झाले, ते मला नेमके ठाऊक होते. २०२३ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. विदर्भातल्या पुष्कळ गावांत त्या दोन-तीन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, कुठे गारा पडल्या, फुटलेला कापूस झाडावरच भिजून लोंबला. आमच्याकडे दिवसभर आभाळ भरून होते आणि रात्री नऊच्या सुमारास वारा सुटला. अंगणात दोन वेच्यांचा कापूस पडलेला होता, आणि कोठ्यामागे चार दिवसांपूर्वी रचलेली कडब्याची गंजी उभी होती. रचून झाली होती, शाकारायची राहिली होती. मजूर मिळाले नव्हते, म्हणून मी ते काम पुढे ढकलले होते. ताडपत्री घरात एकच धड होती. मी ती कापसावर टाकली. कापसाचे पैसे व्हायचे होते, त्यातून बँकेचा हप्ता जायचा होता, त्यामुळे त्या क्षणी मला दुसरा विचार सुचलाही नाही. मग रात्रभर पाऊस पडला. सकाळी ऊन निघाले, गंजी वरून दोन दिवसांत वाळली, आणि वाळलेली दिसते म्हणून मी तिच्यावर पऱ्हाट्या रचून तिला शाकारून टाकले. आतले पाणी आतच राहिले. ओल्या कडब्याला आतून ऊब सुटते, बुरशी धरते, हे मला लहानपणापासून माहीत होते. गंजी उस्तरून, पेंढ्या वावरात उभ्या करून पुन्हा वाळवायला हव्या होत्या. ते दोन दिवसांचे काम मी केले नाही.

बाबांनी तेव्हा विचारले होते, "गंजी पाह्यली का रे आतून?" मी हो म्हणालो होतो.

बाबांची आठवण २०१४ सालची आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने जे केले, ते इकडचा कोणताही कास्तकार विसरलेला नाही. आमच्या अंगणात सोंगलेला गहू पडला होता. वाऱ्याने गंजीची शेंडी उडवली आणि गारा टिनांवर अशा वाजू लागल्या की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. मी ताडपत्री घेऊन गव्हाकडे धावलो, तर बाबांनी दंड धरून मला मागे ओढले. "गहू त इकत भेटते. चैतात कडबा कोन देते?" एवढेच ते बोलले आणि डोक्यावर रिकामे घमेले उपडे धरून गंजीवर चढले. त्या वर्षी गहू काळा पडला, त्याला भाव आला नाही, आईने वर्षभर बाजारातला गहू दळला. मला तेव्हा बाबांचा राग आला होता, आणि तो मी बरेच दिवस बाळगला. मात्र त्या चैत्रात आणि वैशाखात आमच्या कोठ्यात सहा जनावरे पोटभर खात होती, आणि गावातल्या तीन घरांची जनावरे भाव पडलेल्या बाजारात उभी होती. दहा वर्षांनी तोच निर्णय माझ्या हातात आला तेव्हा मी बरोबर उलटे केले.

गंजी रचणे हे बाबांचे काम होते, आणि ते कोणाच्या हाती दिलेले त्यांना चालत नसे. आधी उंचवट्याची जागा बघायची. तिच्यावर दगड, दगडांवर आडव्या तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे खालून ओल चढत नाही आणि उधईला वाट मिळत नाही. मग पेंढ्या लावायच्या त्या बुंधे बाहेर आणि शेंडे आत. बुंधा जाड असतो, त्याला वाऱ्या-पावसाचे काही होत नाही, आणि जनावराला हवी असलेली पाने आत सुरक्षित राहतात. सगळे कसब मात्र मधल्या भरावात असते. प्रत्येक थरात मध्य उंच ठेवायचा, म्हणजे बाहेरची पेंढी जराशी खाली उतरती राहते आणि तिच्यावर पडलेले पाणी बाहेर ओघळते. मध्य खोल राहिला की गंजी वाटीसारखी होते आणि पाणी पोटात घेते. हे वरून बघून कळत नाही. बाबा दर दोन थरांनंतर गंजीवर उभे राहून पायांनी दाबत चालायचे, आणि कुठे पाय जास्त खचला की तिथे दोन पेंढ्या वाढवायचे. मी रचलेल्या गंजीवर मी तसा एकदाही चाललो नव्हतो.

आता गंजी रचणारी घरेही थोडी राहिली आहेत, कारण ज्वारीच राहिलेली नाही. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात खरिपाच्या ज्वारीत माणूस दिसत नसे. सोयाबीन आले, त्याला रोख पैसा होता, चार महिन्यांत वावर मोकळे होत होते, आणि ज्वारीवर रानडुकरे आणि पाखरे तुटून पडत होती, म्हणून एकेका वर्षी एकेका कास्तकाराने ज्वारी सोडली. कोणाला दोष देण्यासारखे त्यात काही नाही. मीही पाच एकरांतली ज्वारी एका एकरावर आणली. परंतु ज्वारीने दाणा माणसाला आणि धाट जनावराला असे वाटून दिलेले होते. सोयाबीनचे कुटार जाडेभरडे असते, त्याच्या काड्या जनावराच्या हिरड्यांना टोचतात, जनावर त्यातला पाला तेवढा वेचते आणि काड्या गव्हाणीत सोडते. तुरीचे कुटार चांगले, हरभऱ्याचे आंबट पण गाई आवडीने खातात, गव्हाचा भुसा पोट भरतो आणि अंगी लागत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला दहा-बारा किलो सुका चारा लागतो. चार जनावरे आणि फेब्रुवारी ते जूनचे पाच महिने, हा हिशेब कोणीही करून पाहावा, म्हणजे दिवाळीनंतरच्या एका रात्रीच्या पावसाचे मोल कळेल.

पूर्वी या हिशेबाला नक्षत्रांचा आधार होता. रोहिणीत वावर तापायचे, मृगात पेरणी, पुष्य-आश्लेषात झड, हस्तात गडगडाट, आणि मग स्वातीनंतर आभाळ मोकळे. त्या मोकळ्या आभाळाखाली ज्वारी सोंगायची, कडबा वाळवायचा आणि बिनघोर गंजी लावायची. तेव्हाही पाऊस चुकायचा, दुष्काळ पडायचे, सगळे सुरळीत होते असे मी म्हणणार नाही. पण बाबा म्हणतात त्याप्रमाणे पाणी न येण्याची भीती असायची, नको तेव्हा येण्याची नसायची. आता पेरणीनंतर वीस-वीस दिवस आभाळ कोरडे असते आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो. फेब्रुवारीतच दुपारी जनावरे सावली शोधू लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की गाई तोंड उघडून धापा टाकतात, जिभेवरून लाळ गळते, आणि पुढे ठेवलेला चारा तसाच पडून राहतो. सकाळी नऊच्या आत आणि सूर्य मावळल्यावर जे खातील तेच त्यांचे खाणे. त्या दिवसांत मी कोठ्याच्या टिनांवर तणस आणि पऱ्हाट्या पसरतो, पश्चिमेला ओली गोणपाटे लावतो. एकेक जनावर दिवसाला चार-पाच बादल्या पाणी पिते आणि विहीर तेव्हाच तळाला गेलेली असते.

त्या कोरड्या खंडाचे एक रूप मी डोळ्यांनी पाहिले आहे. जुलै महिना होता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पाण्यावाचून थांबली होती, पाने सुरळीसारखी मिटली होती. शेजाऱ्यांची गाय दावे तोडून धुऱ्यावरून त्या ज्वारीत शिरली. आम्ही तिला हाकलून बाहेर काढली तेव्हा तिने फार तर पाचपन्नास धाटे खाल्ली असतील. बांधावरच तिचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला, पोट तट्ट फुगले. किराळ लागली, हे सगळ्यांनी ओळखले. वाढ खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष साठते आणि ते जनावराला श्वास घेऊनही हवा लागू देत नाही. वेळेत थायोसल्फेटचे इंजेक्शन मिळाले तर जनावर वाचते. डॉक्टरांना फोन लागला, ते निघालेही, पण अर्ध्या तासात सगळे संपले. त्याच संध्याकाळी पाऊस आला. चार दिवस चांगला पाऊस झाला, तीच ज्वारी तरारून वर आली, पुढे पोटऱ्यात आल्यावर तिच्या विषाची भीती राहिली नाही, आणि त्या शेजाऱ्यांच्या उरलेल्या जनावरांनी तिचाच कडबा उन्हाळाभर खाल्ला. गाय ज्यांची होती त्या शेजारच्या काकू मात्र त्या धुऱ्याने पुन्हा कधी आल्या नाहीत.

झडीचे दुःख वेगळे असते. २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. कोठ्याची जमीन तीन आठवडे वाळली नाही. खाली राख टाकली, तुरीचे कुटार टाकले, मुरूम आणून टाकला, तरी दुसऱ्या दिवशी चिखल वर यायचा. जनावरांचे खूर मऊ पडले, खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या, आणि रात्रभर ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी राहायची, कारण बसायला कोरडी जागा नव्हती. डास आणि गोमाश्या इतक्या, की कडुनिंबाचा ओला पाला जाळून धूर केला तरी तासाभरात पुन्हा तेच. त्या माश्यांच्या पाठोपाठ लम्पी आला. आमच्या तीन महिन्यांच्या कालवडीच्या मानेवर सुपारीएवढी एक गाठ दिसली, दुसऱ्या दिवशी अंगभर गाठी होत्या. पाय सुजले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आईने नऊ दिवस तिला चमच्याने गुळाचे पाणी पाजले. दहाव्या दिवशी पहाटे आई बाहेर ओट्यावर बसलेली दिसली, तेव्हाच मला कळले. त्या वर्षी बैलबाजार बंद झाले. घटसर्पाची आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घेतो, तशी त्यानंतर आम्ही लम्पीचीसुद्धा न चुकता टोचतो.

वाईट वर्षी जनावरे कमी करायची, हा जनावरे पाळणाऱ्या माणसाचा सगळ्यांत जुना उपाय आहे. नदीकडच्या रस्त्याला गवळ्यांची वस्ती आहे. त्यांच्याकडे नागपुरी म्हशी, लांब तलवारीसारख्या शिंगांच्या. म्हशींची नर पिल्ले, म्हणजे हले, ते दोन-अडीच वर्षांचे करून मांसाच्या व्यापाऱ्याला विकतात. त्यांच्यातले एक म्हातारे बुवा मला अनेकदा सांगत आले आहेत की हल्या वाढवणे म्हणजे पाऊस अंगावर धरणे आहे. श्रावण-भादव्यात हिरवे मिळाले की हल्या अंग धरतो, पाठ भरते. पाऊस मध्येच तुटला तर चार महिन्यांत कमावलेले मांस तो एका महिन्यात उतरवतो, आणि उतरलेले मांस पुन्हा चढवायला दुप्पट चारा लागतो. व्यापारी आला की शेपटीच्या मुळाशी आणि शेवटच्या बरगडीवर बोटे दाबतो आणि भाव सांगतो, त्याला वजनकाट्याची गरज पडत नाही. म्हणून बुवा दसऱ्यानंतर गवताची उंची आणि तळ्यातले पाणी पाहतात आणि ठरवतात की यंदा किती ठेवायचे. ज्या वर्षी शंका वाटते त्या वर्षी ते संक्रांतीच्या आत विकून मोकळे होतात, मग भाव थोडा कमी आला तरी चालेल. त्यांच्या हिशेबात कठोरपणा आहे, तरी वस्तीत मी कधी उपाशी जनावर पाहिलेले नाही.

गाई-बैलांच्या बाबतीत ती वाट आता आम्हाला नाही. गाईंच्या कत्तलीवर आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून ती बैलांना आणि वळूंनाही लागू झाली. म्हशी त्यातून बाहेर आहेत. या प्रश्नावर मी अनेक रात्री स्वतःशी बोललो आहे आणि माझे दोन्ही बाजूंनी समाधान झालेले नाही. ज्याचा बैल थकला आहे आणि ज्याच्या गंजीला पाणी लागले आहे, त्या दोन एकरांच्या माणसापुढे काय उरते, हे मला दिसते. पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे चार पैसे यायचे, त्यात भर घालून गोऱ्हा घेता यायचा, म्हणजे एक जोडी दुसरीला जन्म देत असे. आता थकलेला बैल दावणीला राहतो, नव्या बैलाचा चारा खातो, आणि चारा संपला की कोणी त्याला रात्री दूर नेऊन सोडून देतो. असा बेवारस बैल मी मे महिन्यात डांबरी रस्त्यावर प्लास्टिक चावताना पाहिला आहे. आणि तरीही, उद्या ती वाट मोकळी झाली तर मी चांद्याला त्या वाटेने नेईन का? नाही नेणार. तो २००७ साली आमच्याच कोठ्यात जन्मला. आईने त्याचे नाव ठेवले. आमच्या आर्वी-कारंजाच्या पट्ट्यातली ही गवळाऊ जात, पांढरीशुभ्र, उंच, पायाला हलकी. बंडीला जुंपला की चांद्या दुडक्या चालीने निघायचा आणि जोडीदाराला ओढून न्यायचा. त्याचा जोडीदार २०१९ ला गेला, त्यानंतर मी त्याच्या खांद्यावर जू ठेवलेले नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा खांद आजही हळद-लोण्याने शेकतो आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. माझे प्रेम मला परवडते, कारण माझ्याकडे विहीर आहे आणि मुलगा नोकरीला आहे. ज्याला परवडत नाही त्याला मी निर्दयी कसा म्हणू?

त्या मार्चमध्ये मग मी सगळी गंजी उस्तरली. काळ्या पेंढ्या वेगळ्या काढल्या. त्या तीन बंड्या भरल्या आणि शेणखताच्या खड्ड्यात गेल्या; बुरशीचा चारा उपाशी जनावरालाही घालू नये, त्याने गाभण गाय गाभडते आणि दुधातही विष उतरते. कडेच्या निम्म्याशिम्म्या पेंढ्या निघाल्या, त्या उन्हात झटकून ठेवल्या. उरलेली तूट भरायला नदीपलीकडून, अमरावती जिल्ह्यातून, एक मेटॅडोर कडबा विकत आणला. त्याचे जे पैसे झाले ते त्या रात्री ताडपत्रीखाली वाचलेल्या कापसाच्या पैशांतूनच गेले. गव्हाच्या भुश्यावर युरियाची प्रक्रिया केली: शंभर किलो भुश्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने थरावर थर शिंपायचा, पायांनी तुडवायचा आणि प्लास्टिकखाली एकवीस दिवस हवाबंद ठेवायचा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो, तो वाऱ्यावर जाऊ द्यायचा आणि मग थोडा थोडा चाखवायचा. गाई चार दिवसांत रुळल्या. चांद्याच्या दातांना भुसाच सोपा पडतो, त्याने दुसऱ्याच दिवशी खाल्ला. बाबा हे सगळे खाटेवरून पाहत होते. त्यांनी मला एका शब्दानेही काही म्हटले नाही, आणि ते म्हणाले असते तर बरे झाले असते असे मला अनेकदा वाटले.

पुढच्या दिवाळीनंतर ज्वारी दोन एकर होती. सोंगणी झाली, कणसे खुडली, पेंढ्या बांधल्या, आणि बाबांना खुर्चीवर बसवून कोठ्यामागे नेले. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांना आता नीट दिसत नाही. ते कानांनी गंजी रचत होते. पेंढी पडल्याचा आवाज आला की म्हणायचे, "बुंधा भायेर आला का? मंधात भर दे." मी वर चढून पायांनी दाबत चाललो, दोन ठिकाणी पाय खचला, तिथे भर दिली. शेंडी बांधायची राहिली आणि दुपार कलली. दक्षिणेकडून ढग चढले, हवा एकदम थांबली, चिमण्या टिनाखाली आल्या. अंगणात पहिल्या वेच्याचा कापूस होता. या वेळी दोन ताडपत्र्या होत्या, तरी मी आणि बायकोने आधी गंजीचेच काम हाती घेतले, कंदील लावून रात्री साडेअकरापर्यंत तुराट्यांनी ती शाकारली, दोर आवळले, टोकाला दगड बांधले. बाबा झोपायला गेले नाहीत.

पाणी आले नाही. पहाटेपर्यंत ढग निघून गेले आणि सकाळी थंडी पडली. बाबांनी उठताच विचारले, "आलं का रे?" मी नाही म्हणालो. ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आतून पाह्य." मी कोठ्यामागे गेलो. चांद्या दावे लांबवून गंजीच्या कडेपर्यंत पोचला होता, आणि जीभ बाहेर काढून बुंध्यांच्या फटीतून एक हिरवट पान ओढीत होता.